पाण्यात अळ्या नव्हत्या

"तूच भरला ना हा ड्रम? मंग तूच ओत."

काकू एवढंच म्हणाल्या. आवाज चढवला न्हाई. शिवी दिली न्हाई. ओसरीच्या पायरीवर उभ्या राहिल्या, पदर नाकाला लावला आणि मी ओतते का न्हाई ते बघत राहिल्या.

निळा ड्रम. दोनशे लिटरचा. काठोकाठ भरलेला. एप्रिल महिना, आणि जालन्यात आमच्या गल्लीत नळ नवव्या दिवशी आल्ता. बायका हंडे घेऊन एकमेकींच्या दारात उभ्या होत्या. कोणाच्या मोटारीनं पाणी ओढलं, कोणाच्या तोंडचं पळवलं, यावरून कचकच चालल्ती. आणि त्याच गल्लीत मी प्यायचं पाणी ओतून राह्यले होते.

पहिली बादली मी भिंतीकडच्या कढीपत्त्याच्या बुडाशी नेली. हाताला सवयच तशी. आमच्या घरी भांडी विसळलेलं पाणीबी झाडालाच जातं. बादली तिरकी केली तेवढ्यात काकू पहिल्यांदा ओरडल्या.

"झाडाला नको! त्याची पानं आम्ही फोडणीत टाकतो."

"हो काकू," म्हणाले मी.

बादली उचलली. गेट उघडलं. बाहेरच्या नालीत ओतली. परत आले, दुसरी भरली. मंग तिसरी. कपडे ओले, चप्पल ओली, हात गार पडलेले. समोरच्या घरातल्या मावशी कमरेवर रिकामी कळशी घेऊन बाहेर आल्या आणि जागीच थांबल्या.

"अगं पोरी, येडी झाली का काय तू? प्यायचं पाणी नालीत ओतून राह्यली!"

मी वळून काकूंकडं बघितलं. काकूंनी माझ्याकडं बघितलं. त्यांना बोलायची गरजच पडली न्हाई. मीच बोलले.

"अळ्या होत्या मावशी तळाला. ड्रम न धुताच भरला मी."

असं म्हणाले मी. हसून म्हणाले.

"बाई गं, आजकालच्या पोरी," मावशी म्हणाल्या आणि कळशी घेऊन पुढं गेल्या.

पाण्यात अळ्या नव्हत्या. पहाटेच घासून धुतलेला ड्रम होता तो. मीच घासला होता.

किती बादल्या झाल्या ते मला आठवत न्हाई. पण दर बादलीला काकू काहीतरी सांगायच्या, "पायरीवर सांडू नको", "गेटला हात लावू नको, कोपरानं ढकल", आणि दर वेळी मी "हो काकू" म्हणायची. ते "हो काकू" मला अजून ऐकू येतं. भर दुपारी, वर्गात शिकवताना, बसमध्ये. आवाज माझाच असतो. दुसऱ्या कोणाचा असता तर मी त्याला शिवी तरी दिली असती.

त्या घरात मी कशी आले ते सांगते.

आमचं गाव वडीगोद्रीपासून आत. माझा बाप, त्याला आम्ही दादा म्हणतो, वडीगोद्रीला हायवेच्या कडेला पंक्चर काढतो. माय दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. आम्ही बौद्ध. आज्यापासून बौद्ध. घरात दारासमोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि घरात पाऊल टाकणारा माणूस "जयभीम" म्हणल्याशिवाय बसत न्हाई. बारावीला सायन्सला मला चांगले मार्क पडले. जालन्याला कॉलेजात नंबर लागला. सरकारी वसतिगृहाच्या यादीत मात्र नाव आलं न्हाई. यादी तीनदा वाचली, बोट ठेवून वाचली. न्हाई म्हणजे न्हाई. पहिलं वर्ष एका मैत्रिणीच्या नातेवाइकांकडं पडवीत काढलं. दुसऱ्या वर्षी त्यांची लेक बाळंतपणाला आली आणि पडवी गेली.

मंग ऑगस्टमध्ये मी आणि दादा खोली शोधायला निघालो. दादानं त्या दिवशी दुकान बंद ठेवलंतं. नखांतलं काळं ऑईल जावं म्हणून विटकरीनं हात घासून आल्ता. पाटी लावलेली असायची, "खोली भाड्याने देणे आहे." दार उघडायचं. खोली दाखवायचे. नळ कुठं, संडास कुठं, सगळं सांगायचे. आणि निघता निघता विचारायचे, "कोणाचे तुम्ही?"

हा प्रश्न मराठवाड्यात कोणी नाव विचारायला विचारत न्हाई.

दादा सरळ सांगायचा. सांगितलं की मालकाला एकदम आठवायचं, अरे, खोली तर कालच एकाला दिली. कोणाच्या मेव्हण्याची बदली जालन्याला व्हायची. एका बाईनं तर आमच्यासमोरच पाटी उतरवली. पाच घरं झाली. दादा प्रत्येक गेटच्या बाहेर येऊन गमछ्यानं तोंड पुसायचा आणि "चल, पुढं बघू" म्हणायचा. त्याच्या तोंडाकडं बघायची माझी हिंमत होईना.

सहाव्या घराच्या अलीकडं मी गळ्यातलं बुद्धाचं लॉकेट काढलं आणि पर्सच्या चोरकप्प्यात टाकलं. दादानं बघितलं. मंग पुढं चालायला लागला.

ते घर काकूंचं. काका बियाण्यांच्या एका दुकानात हिशेब बघायचे, काकू घरी. मुलगी लग्न होऊन गेलेली. मागं एक खोली रिकामी. काकूंनी आमचं आडनाव विचारलं. आमचं आडनाव असं की ते वरच्या आळीतबी सापडतं आणि आमच्या वस्तीतबी. काकू स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे पाटलांकडचे तुम्ही." प्रश्न न्हाई विचारला. परस्पर ठरवूनच टाकलं.

मी मान हलवली.

दादा बाजूला उभा होता. त्यानं खाली बघितलं. विटकरीनं घासलेले हात मागं बांधून उभा राहिला. माझ्या बापानं आयुष्यात जात लपवली न्हाई, आणि त्या ओसरीवर त्यानं माझ्यासाठी लपवली. पाटलांकडचे ते दुसरे, आम्ही न्हाई. खोली मिळाली.

आठ महिने राहिले मी तिथं. काकू वाईट वागल्या असं मी म्हणणार न्हाई, खोटं कशाला बोलू. ताप आला तेव्हा मऊ भात आणून दिला. डोक्याला तेल लावून दिलं. "माझ्या मुलीसारखी हायेस," म्हणायच्या. त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून नळाच्या दिवशी पाणी मी भरायची. ओट्यावरची टाकी, पिण्याचा ड्रम, देवघरातली कळशी. हो, देवघरातलीबी. आठ महिने त्या घरानं माझ्या हातचं पाणी पिलं. देवांनीबी पिलं. कोणाला ठसका लागला न्हाई.

पण मी त्या खोलीत जीव मुठीत धरून राह्यले. भिंतीवर काही लावलं न्हाई. बाबासाहेबांचा छोटा फोटो ओढणीत गुंडाळून पेटीच्या तळाशी. चौदा एप्रिल आला तर मी खोलीत कडी लावून बसले. बाहेर मिरवणुकीचे ढोल वाजत होते आणि काकू दारातून म्हणाल्या, "आज बाहेर पडू नको बाई, लई गर्दी हाये त्यांची." मी म्हणाले, "हो काकू."

दादाचा फोन यायचा. उचलला की तो पहिलं "जयभीम" म्हणायचा. भिंती पातळ. काकू पलीकडंच लसूण सोलत बसलेल्या. मी नुसतं "हां, हां दादा" म्हणायची. दोन-तीन महिन्यांनी दादानं जयभीम म्हणायचं सोडलं. "हॅलो" म्हणायला लागला. माझा बाप मला हॅलो म्हणायला लागला! त्या दिवशी मी गोधडीत तोंड खुपसून रडले. पण फोनवर जयभीम म्हणाले का? न्हाई म्हणाले.

आता भाड्याच्या एका सरकारी योजनेचं सांगते. वसतिगृहात नंबर न लागलेल्या आपल्या पोरा-पोरींना खोलीच्या भाड्यासाठी सरकार मदत करतं. एकदा अर्ज मंजूर झाला की शेवटच्या वर्षापर्यंत मिळते. दादानं साफ सांगितलंतं, "जूनपर्यंत कसंबी करून मी भागवतो. पुढं सरकारनं दिलं तर शीक. न्हाई तर घरी ये बाई, माझ्यानं होणार न्हाई." घरी ये म्हणजे काय, मला माहीत होतं. आत्यानं परतूरचा एक मुलगा बघून ठेवलाच होता. म्हणजे माझं शेवटचं वर्ष त्या एका अर्जावर लटकलेलं.

अर्जाला काय काय लागतं? जातीचा दाखला लागतो. आणि घरमालकाची सही लागते.

बघा म्हणजे. भाड्याची मदत हवी तर जात सांगा. खोली हवी तर जात लपवा. एकाच अर्जावर दोन्ही. हा अर्ज ज्यानं काढला त्यानं कधी खोली शोधली नसंल, पैजेवर सांगते.

मी काय केलं, तर थाप मारली. काकांना म्हणाले, कॉलेजला पत्त्याचा पुरावा द्यायचाय. काकांनी स्टॅम्पपेपरवर भाडेकरार करून दिला. तो लावून अर्ज टाकला. वाटलं, जमलं. ऑफिसातून कोणी तपासायला घरापर्यंत येतं हे मला कोणी सांगितलंच न्हाई.

त्या दिवशी सकाळी नळ आला. मी ड्रममध्ये पाइप सोडून उभी होते. पाइप सोडून हलता येत न्हाई, निसटला की अर्धं पाणी अंगणात. गेटसमोर स्कूटी थांबली. बगलेत फाइल, गळ्यात ओळखपत्र. साधा माणूस होता, घाईत होता.

त्यानं माझं पूर्ण नाव वाचलं. "इथंच राहतात का?"

"इथंच," काकू म्हणाल्या. "कॉलेजकडून आलात का? या ना."

"घरमालकासोबत दारात उभं राहा, फोटो काढायचाय."

मी पाइप ड्रमच्या कडेत खोचला आणि दारात जाऊन उभी राहिले. फोटोपुरतं हसू आणलं. काकूंनी पदर नीट केला, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि हसल्या. मागं ड्रम भरत होता. त्यानं मोबाइलवर फोटो काढला.

मंग त्यानं फाइल उघडली. काकूंजवळ चष्मा नव्हता, म्हणून त्यानंच मोठ्यानं वाचून दाखवलं. माझं नाव. गाव. तालुका अंबड. वर्ग. आणि पुढचा रकाना.

"प्रवर्ग, अनुसूचित जाती. नवबौद्ध."

काकूंचा हात अजून माझ्या खांद्यावर होता. तो लगेच उचलला न्हाई त्यांनी. आधी थिजला. मंग हळूच निघाला. काकूंनी तो हात पुढं धरला, जरा लांब, अंगापासून वेगळा, आणि तसाच धरून ठेवला.

"काहीतरी चुकलंय साहेब तुमचं," त्या म्हणाल्या. "ही तशी न्हाई."

त्या माणसानं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं. त्याला काय समजायचं ते समजलं असंल. "चुकलं न्हाई, दाखला जोडलेला हाये," एवढं म्हणाला. "मालकांची सही लागंल इथं."

"मालक घरी न्हाईत."

"मंग सही घेऊन चार दिवसांत ऑफिसात आणून द्या," असं मला म्हणाला, पाहणीचा कागद माझ्या हातात दिला आणि गेला. त्याचा काय दोष? त्याला पुढं अजून सहा घरं होती.

मागं ड्रम भरून वाहायला लागला होता. मी पळत जाऊन नळ बंद केला. काकू न्हाणीत गेल्या. हातावर पाणी ओतल्याचा आवाज आला. बराच वेळ आला. बाहेर आल्या, पायरीवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तूच भरला ना हा ड्रम?

पुढचं सांगितलंच मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी बैठकीत बोलावलं. काका देवमाणूस, अशी गल्लीत ख्याती. कधी कोणाला अरे-तुरे केलं न्हाई.

"बस बेटा. तिकडं, स्टुलावर बस."

आठ महिने मी त्या सोफ्यावर बसून काकूंसोबत मालिका बघितल्या होत्या. स्टूल बाहेरून आणलेलं होतं. मी बसले.

काकू चहा घेऊन आल्या. काकांना कपात. मला कागदी कपात. काठाशी धरून खाली ठेवला, हाताला हात लागू नये म्हणून. चहा माझ्या आवडीचाच होता, आलं घातलेला. यालाच मी जास्त घाबरले. शिव्या दिल्या असत्या तर बराबर समजलं असतं मला. आलं घातलेल्या चहाचं काय करायचं असतं?

"हे बघ," काका म्हणाले, "आम्ही बिलकुल तसे न्हाई. आमच्या दुकानात सगळ्या समाजाचे लोक येतात. पण गल्ली हाये, पाहुणेरावळे हायेत. आणि मुख्य म्हणजे तू खोटं बोललीस. खोटं बोलणं बरं न्हाई, बेटा."

ते खरंच होतं. मी खोटं बोलले होते. आणि काका त्यावर बोट ठेवून असे बसले होते की ड्रमबद्दल बोलायला जागाच उरू नये.

त्यांनी खिशातून एक कागद काढला. सुंदर अक्षर त्यांचं. लिहिलं होतं, मी अमुक अमुक, घरगुती कारणाने स्वखुशीने खोली सोडत आहे, घरमालकांनी मला चांगली वागणूक दिली, माझी त्यांच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही.

"यावर तू सही कर. तुझ्या सरकारी कागदावर मी करतो. तुझं काम अडायला नको. तुझं शिक्षण व्हावं असंच वाटतं आम्हाला."

दोन्ही कागद टीपॉयवर शेजारीशेजारी ठेवले. वर पेन ठेवला.

मी पेन उचलला. खोटं कशाला सांगू, उचलला. डोळ्यांसमोर कॉलेज होतं, प्रयोगशाळेतलं माझं टेबल होतं, परतूरचा तो मुलगा होता. एक सही. शेवटचं वर्ष हातात. दुसरी खोली बघता येईल. कोणाला कळणार?

खिडकीतून अंगण दिसत होतं. ड्रम उन्हात पालथा घातलेला. धुतलेला, चकचकीत. आणि गेटमध्ये समोरच्या मावशी उभ्या राहून काकूंशी बोलत होत्या. काकूंचा आवाज आत येत होता.

"हो ना, अळ्याच झाल्या होत्या. पोरींचं लक्षच न्हाई कशात."

ते माझंच वाक्य होतं. मी काल केलेलं, हसून दिलेलं. आज काकू ते वापरून राह्यल्या होत्या, घरातल्या चमच्यासारखं. आणि आता काकांना दुसरं हवं होतं. स्वखुशीने. तेबी माझ्याच सहीचं.

मला एकदम कळलं की या घराची घाण मीच धुऊन राह्यले होते. ड्रम त्यांनी बाटलेला ठरवायचा, घासायचा मी. पाणी त्यांनी टाकून द्यायचं, ओतायचं मी. लाज त्यांना वाटायला पाहिजे, झाकायची मी. वर चहा.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. पेन हातातच होता. काकांचा कागद बाजूला सारला. माझा सरकारी कागद ओढला. त्यात "घरमालकाची स्वाक्षरी" असा रकाना होता आणि खाली "शेरा" म्हणून दोन रिकाम्या ओळी. मी स्वाक्षरीवर काट मारली. शेऱ्यात लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, ओळी पुरल्या न्हाईत, समासात लिहिलं.

"जात कळल्यावर घरमालकाने सही करण्यासाठी खोटे लिहून मागितले. मी भरलेले पिण्याचे पाणी मलाच नालीत ओतायला लावले. पाणी स्वच्छ होते."

"काय लिहिते हायेस?" काका म्हणाले. पहिल्यांदा त्यांचा आवाज हलला.

मी वाचून दाखवलं. मोठ्यानं. काल त्या माणसानं वाचलं होतं तसं.

"बेटा, डोकं शांत ठेव. तुझंच नुकसान होईल."

"बेटा म्हणू नका मला," मी म्हणाले.

एवढंच बोलले. लई काही बोलायचं होतं, पण तेवढंच निघालं. चहा तसाच ठेवला आणि उठले.

ऑफिसात टेबलावरच्या साहेबांनी कागद वाचला, चष्मा वर केला, परत वाचला.

"ताई, शेऱ्यात असं लिहीत नसतात. कोरा कागद देतो. दुसरी खोली बघ, तिथल्या मालकाची सही आण, मी स्वतः लक्ष घालून मंजूर करतो. हा फाडून टाक."

माणूस वाईट नव्हता. मला मदतच करत होता. म्हणूनच अवघड गेलं. काकांपेक्षा अवघड गेलं.

"फाडायचा न्हाई," मी म्हणाले. "पोच द्या."

"अगं, अपात्र होईल तुझा अर्ज!"

"होऊ द्या. शिक्का मारून पोच द्या."

"आणि पुरावा काय तुझ्याकडं? कोणी बघितलं?"

बघितलं होतं. मावशींनी बघितलं होतं.

पोच घेऊन मी तशीच गल्लीत गेले. सामान आवरायचंच होतं. मावशी दारात गहू निवडत बसल्या होत्या. मी समोर उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं. आम्ही कोण. काकूंना कसं कळलं. पाणी का ओतलं. "तुम्ही बघितलं ना मावशी? तेवढं फक्त लिहून द्या. बघितलं म्हणून."

मावशींचा हात सुपात थांबला. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. नजर वाईट नव्हती त्यांची, घाबरलेली होती.

"पण पोरी," त्या म्हणाल्या, "तूच तर म्हणालीस, अळ्या होत्या म्हणून."

आणि सूप उचलून आत गेल्या.

मी तिथंच बसून राहिले. ऊन चढत होतं. मावशी खोटं बोलल्या न्हाईत. मी जे सांगितलं तेच त्यांनी मला परत दिलं. काकूंच्या बाजूनं पहिली साक्ष मीच दिली होती, भर गल्लीत, ओल्या कपड्यांत, हसत.

पेटी उचलली. ओढणी सोडून बाबासाहेबांचा फोटो बाहेर काढला आणि पेटीच्या वर, उघडा बांधला. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तशीच चालत गेले. बसस्टँडवर दादाला फोन केला. त्यानं "हॅलो" म्हणलं.

"जयभीम दादा," मी म्हणाले. स्टँडवरच्या लोकांनी वळून बघितलं एवढ्या मोठ्यानं.

पलीकडं पंक्चरच्या हातोडीचा आवाज थांबला. दादा म्हणाला, "घरी ये."

अर्ज अपात्र झाला. घरमालकाची स्वाक्षरी नसल्याकारणाने, असं कागदावर होतं. शेऱ्याबद्दल एक अक्षर न्हाई. दादा मला घेऊन पोलीस ठाण्यात गेला, तिथंबी पहिला प्रश्न तोच, साक्षीदार कोण? शेवटचं वर्ष मी वडीगोद्रीहून एसटीनं ये-जा करून केलं. सकाळचे प्रॅक्टिकल बुडाले, एका विषयात नापास झाले, एक वर्ष वाया गेलं. परतूरच्या मुलाला मी स्वतः फोन करून न्हाई म्हणाले. यातलं काहीच सोपं नव्हतं, आणि शेवटी सगळं छान झालं असं मी कोणाला सांगत न्हाई.

आता मी बदनापूरला एका शाळेत शिकवते. खोली भाड्याचीच. बघायला गेले तेव्हा गेटच्या बाहेरूनच सांगितलं, "जयभीम. आम्ही बौद्ध. द्यायची असंल तर आत येते." चार ठिकाणी मालक न्हाई म्हणाले. म्हणू द्या. त्यांचं न्हाई त्यांच्या तोंडून निघालं पाहिजे.

पण नळ आला, बादली भरली, कडी खणकली, की मी अजून जागची हलत न्हाई. हात गार पडतात. वाटतं, मागं पायरीवर कोणीतरी उभं हाये पदर नाकाला लावून. आणि तो फोटो. तो त्या ऑफिसच्या कुठल्यातरी फाइलीत असंल. काकूंचा हात माझ्या खांद्यावर. दोघी हसतोय. मागं ड्रम भरतोय. तो फोटो कोणी बघितला तर म्हणंल, किती मायेची बाई. म्हणूनच मी हे लिहून ठेवते. फोटोखाली लावायला.

दर जूनमध्ये वसतिगृहाच्या यादीत नाव न आलेल्या पोरी माझ्याकडं येतात. अर्ज कसा भरायचा विचारतात. मी त्यांच्यासोबत खोल्या बघायला जाते, मालकाशी पहिलं मीच बोलते. आणि बसमध्ये बसवताना प्रत्येकीला एक गोष्ट सांगते.

"पाणी ओतायला सांगितलं तर ओतू नको. भीती वाटंल, मला माहीत हाये. भीतीनं ओतलंच, तर ओत. पण कोणी विचारलं का ओतते, तर अळ्या होत्या म्हणू नको. खरं काय ते मोठ्यानं सांग. गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं."

मीबी सांगते. पाणी साफ होतं. मी भरलं होतं. त्यांनी मला ओतायला लावलं. काकू अजून त्या घरात राहतात, काका अजून देवमाणूस हायेत. ते जिवंत असेपर्यंत आणि त्यांच्यानंतरबी, मी हे सांगत राहणार. त्यांची लाज झाकायला माझं तोंड आता मिळणार न्हाई.